सहादेव बेलिफाचं प्रतिज्ञापत्र

सहादेवनाना आमच्या तालुक्याच्या कोर्टात एकतीस वर्षं बेलीफ होते. कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन द्यायचा, त्याची सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि ‘बजावणी झाली’ असं लिहून परत आणायचं, हे त्यांचं काम. समन्स, नोटीस, जप्तीचं वॉरंट, जागेचा ताबा. न्यायाधीश कसे दिसतात हे लोकांना वर्षानुवर्षं कळत नाही. बेलीफ मात्र थेट ओट्यावर येतो. त्यामुळे नानांची मोटारसायकल गावात शिरली की पारावरची माणसं एकेक करून उठून जायची. नानांना त्याचं वाईट वाटत नसे. ते म्हणायचे, माणसं मला न्हाई, कागदाला भितात.

मी कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडमध्ये टायपिंग करते. नाना दुपारची भाकरी माझ्या शेडमध्ये बसून खायचे. म्हणून ही हकिकत मला पहिल्यापासून ठाऊक आहे. काही मी डोळ्यांनी पाहिली, उरलेली त्यांनीच सांगितली.

नानांचे आईवडील ऊसतोड करायचे. बारा वर्षांचे होईपर्यंत नानाही दर दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर गाडीत बसून कारखान्यावर जायचे, पाचटाच्या कोपीत राहायचे. मग एका मास्तरांनी बोर्डिंगात घातलं, दहावी झाले, कोर्टात चिकटले. आमच्या पूर्वेकडच्या कोरड्या गावांमध्ये कार्तिकात निम्म्या घरांना कुलपं लागतात आणि ती चैत्रानंतर निघतात, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

दोन हजार एकवीसच्या नोव्हेंबरात त्यांच्याकडे धामणवाडीची एक नोटीस आली. अजिनाथ नावाच्या माणसानं बायकोविरुद्ध अर्ज केला होता. बायको पंकजा दोन वर्षांपासून माहेरी, धामणवाडीला, आईजवळ राहत होती. सहा वर्षांची मुलगी निकिता तिच्याजवळ होती. मुलीचा ताबा मला द्या, आई तिला उसाच्या फडात फिरवते, शाळा बुडवते, असं अजिनाथचं म्हणणं होतं.

नाना पहिल्यांदा गेले तेव्हा घराला कुलूप होतं. त्यांनी तसं लिहून कागद परत दिला. बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या नाझरांनी तो पुन्हा त्यांच्याच पिशवीत टाकला आणि वर सुनावलं की महिन्याच्या पत्रकात तुमच्याच नोटिसा बिनबजावणीच्या सगळ्यात जास्त दिसतात. दुसऱ्या वेळी घर दाखवायला म्हणून अजिनाथ स्वतः बरोबर आला. नानांच्या पिशवीत त्या दिवशी आणखी अकरा कागद होते आणि अंगात कणकण होती. दाराला तेच कुलूप होतं. अंगणातली चूल विस्कटलेली, शेळीचा खुंटा मोकळा, दोरीवर एक कपडा नाही.

अजिनाथ म्हणाला, ‘‘मुद्दाम दडून बसती ती. नोटीस घ्यायची न्हाई तिला.’’

नानांना दिसत होतं की ही दडून बसलेल्या माणसाच्या घराची कळा नाही. शेजारच्या म्हातारीला नुसतं विचारलं असतं तर कोणत्या मुकादमाच्या टोळीत, कोणत्या गावच्या फडात, सगळं कळलं असतं. पण विचारलं असतं तर तसं लिहावं लागलं असतं, आणि तसं लिहिलं असतं तर कागद तिसऱ्यांदा पिशवीत आला असता. त्यांनी नोटीस दाराला डकवली, अजिनाथनं आणलेल्या दोन पंचांच्या सह्या घेतल्या आणि अहवालात लिहिलं, सामनेवाली ही नोटीस स्वीकारण्याचे टाळत आहे, सबब राहते घराच्या दारावर डकवली.

कोर्टानं बेलिफाच्या शब्दावर विश्वास ठेवला. तो ठेवावाच लागतो, नाहीतर काम चालणार नाही. पंकजा दोन तारखांना आली नाही, म्हणून अर्ज एकतर्फी चालला. मार्चमध्ये निकाल झाला, मुलीचा ताबा बापाला. आमच्या कोर्टात इतक्या लवकर निकाली निघालेली प्रकरणं मी बोटांवर मोजून सांगेन.

एप्रिलच्या शेवटी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि टोळ्या गावी परतल्या. अजिनाथनं लगेच वॉरंट काढून घेतलं. ते बजावायला नानाच गेले, बरोबर एक महिला पोलीस. सकाळचे दहा वाजले असतील. पंकजा अंगणात सहा महिन्यांच्या गोधड्या धूत होती. तिची आई बायडाबाई ओट्यावर निकिताची वेणी घालत होती.

नानांनी कागद वाचून दाखवला. पंकजाला आधी वाटलं, ते चुकून दुसऱ्या घरी आलेत. मग नाव तिचं, मुलीचं, गावाचं, सगळं तेच निघालं, तेव्हा ती गोधडीचा पीळ हातात तसाच धरून उभी राहिली.

‘‘आमी तर काष्टीला हुतो, नाना. दिवाळीपस्नं तिथंच. गावात कुनालाबी इचारलं असतं तर सांगितलं असतं. माझा फोनबी चालू हुता.’’

काष्टी आपल्याच जिल्ह्यातली. आमच्या गावाहून एसटीनं निघालं तर दुपारपर्यंत माणूस तिथं पोहोचतो.

निकिताची एक वेणी घालून झाली होती, एक राहिली होती. महिला पोलिसानं तिला उचललं तेव्हा तिनं आजीच्या लुगड्याचा पदर मुठीत धरला. ती मूठ सोडवायचं काम नानांनी केलं. एकेक बोट सोडवलं, असं त्यांनी मला सांगितलं. सांगताना ते आपल्या हाताकडे बघत नव्हते. समोरच्या लिंबाकडे बघत होते.

त्या दुपारी त्यांनी भाकरीचं फडकं सोडलंच नाही. आवारात अजिनाथनं मुलीला ताब्यात घेतलं, सही केली आणि तिला मोटारसायकलवर पुढं बसवून नेलं. मुलगी रडत नव्हती. एका बाजूचे मोकळे केस तिच्या तोंडावर येत होते आणि ती ते बाजूलाही करत नव्हती.

घरी गेल्यावर नानांनी बायकोला, विजयमालाकाकूंना, घडलं ते सांगितलं. काकू फार बोलणारी बाई नाही. त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘ते कोयत्याला गेल्यात हे तुमाला ठावं हुतं का?’’

नाना म्हणाले, ‘‘व्हय.’’

काकू उठून आत गेल्या. त्यानंतर आठ दिवस दोघांमध्ये कामापुरतंच बोलणं झालं.

नवव्या दिवशी नाना माझ्यासमोर स्टुलावर येऊन बसले आणि प्रतिज्ञापत्र टाइप करायला सांगितलं. स्वतःचंच. मी, सहादेव अमुक, बेलीफ, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर नोटिशीची बजावणी करताना मी सामनेवालीचा ठावठिकाणा विचारला नाही, ती ऊसतोडीस गेली असावी याची मला जाणीव होती, आणि माझ्या अहवालातील ‘टाळत आहे’ हा मजकूर खरा नाही.

माझी बोटं थांबली. त्यांच्या निवृत्तीला आठ महिने राहिले होते. मी म्हटलं, नाना, पंकजाच्या वकिलाला दुसऱ्या मार्गानं जाता येईल, ऊसतोडीचा पुरावा मुकादमाकडून मिळेल, तुम्ही स्वतःच्या हातानं हे कशाला देता? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘मुकादम उद्या फिरला तर? त्यो शब्द माझा हाय. माझ्याच तोंडानं मागं घ्यावा लागंल.’’

मोफत कायदा मदतीतून पंकजाला एक तरुण वकील मिळाला होता. त्यानं एकतर्फी निकाल रद्द करण्याचा अर्ज दिला, सोबत नानांचं प्रतिज्ञापत्र जोडलं. कोर्टात खळबळ झाली. नाझरांनी नानांशी बोलणं सोडलं. इतर बेलीफ म्हणाले, तू आमच्या सगळ्यांच्या अहवालांवर संशय आणलास. कारणे दाखवा नोटीस निघाली, मग निलंबन, मग खातेनिहाय चौकशी. ज्या व्हरांड्यातून ते एकतीस वर्षं पिशवी घेऊन निघाले, तिथं आता बाकावर बसून चौकशीचा पुकारा व्हायची वाट बघायचे. जानेवारीत निवृत्तीची तारीख आली आणि गेली. ना हार, ना नारळ. त्या दिवशी ते कोर्टाकडे फिरकलेसुद्धा नाहीत.

प्रतिज्ञापत्राचा उपयोग मात्र झाला होता. त्याआधीच, ऑगस्टमध्ये, एकतर्फी निकाल रद्द झाला होता. प्रकरण पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं ठरलं. पण न्यायाधीशांनी असंही लिहिलं की मुलीची शाळा वडिलांच्या गावी सुरू झालेली आहे, तिला सारखं इकडून तिकडे हलवणं बरं नाही; अंतिम निकाल होईपर्यंत ती तिथंच राहील आणि आईनं दर दुसऱ्या शनिवारी दोन तास कोर्टाच्या आवारात तिला भेटावं. वाचायला हे सगळं रास्तच होतं. नानांना वाटलं, चार-सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

अजिनाथच्या वकिलानं तारखा मागितल्या. पुरावा निम्मा झाला. दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये न्यायाधीशांची बदली झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. शेजारच्या तालुक्याच्या न्यायाधीशांकडे जादा चार्ज दिला. ते आठवड्यातून दोन दिवस यायचे, जामीन आणि तातडीची कामं बघायचे आणि बोर्डावरच्या बाकीच्या प्रकरणांना पुढची तारीख पडायची. पंकजाच्या प्रकरणाला अशा किती तारखा पडल्या ते मी लिहीत बसत नाही.

दुसरे शनिवार चालू राहिले. हंगामात पंकजा काष्टीहून पहाटेच्या गाडीनं निघायची. हाताला उसाच्या पाचटाचे चरे, डोक्याला स्कार्फ बांधलेला. माझ्या शेडच्या समोर लिंबाखाली दोघी बसायच्या. पहिल्या वर्षी निकिता आईच्या मांडीतून उठायची नाही. दुसऱ्या वर्षी ती समोर बसायला लागली. तोवर दोघांची फारकत झाली होती आणि अजिनाथनं दुसरं लग्न केलं होतं. ती बाईही वाईट नसावी. मुलगी अंगानं भरली होती, कपडे नीट असायचे. एकदा पंकजानं डब्यातून शेंगदाण्याची पोळी दिली तेव्हा निकिता म्हणाली, ‘‘आई पण करते अशी.’’ पंकजानं मान हलवली आणि उरलेली पोळी डब्यात परत ठेवली.

नाना हे लांबून बघायचे. कधी जवळ गेले नाहीत. पण शनिवार चुकवायचे नाहीत.

न्यायाधीश का येत नाहीत, या एका प्रश्नानं त्यांना घेरलं. त्यांनी आधी नगरला जिल्हा न्यायालयात अर्ज दिला. तिथल्या बाबूनं सांगितलं की नेमणुका आमच्या हातात नाहीत. मग मुंबईला उच्च न्यायालयाकडे टपालानं पाठवला, त्याची पोच आली, उत्तर आलं नाही. शेवटी ते माझ्याकडे येऊन म्हणाले, ‘‘ताई, दिल्लीला न्यायाचं मंत्रालय हाय ना? सगळ्याच्या वरचं? तिथं लिहू.’’

इतकी वर्षं कोर्टात काढूनही त्या मंत्रालयात काय चालतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून केंद्राच्या तक्रार पोर्टलवर अर्ज भरला. नानांनी मजकूर सांगितला, मी मोबाईलवर टाइप केला. त्यात त्यांनी पंकजाचं नाव घातलं, मुलीचं वय घातलं आणि शेवटी असं लिहायला लावलं की मुलगी आईला विसरत चालली आहे, तरी न्यायाधीश त्वरित देण्याची कृपा व्हावी.

बावीस दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजीत होतं, मी मराठी करून सांगितलं. न्यायव्यवस्था स्वतंत्र आहे. खालच्या कोर्टांतल्या न्यायाधीशांची भरती राज्य सरकार आणि उच्च न्यायालय करतं, बदल्या आणि नेमणुका उच्च न्यायालय करतं. केंद्राच्या न्याय विभागाची त्यात भूमिका नाही. आपला अर्ज योग्य कार्यवाहीसाठी उच्च न्यायालयाच्या निबंधकांकडे पाठवला आहे. खाली लिहिलं होतं, तक्रार निकाली.

नानांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. मग विचारलं, मग दिल्लीचं खातं करतं काय? मी पोर्टलवर शोधून जमेल तसं सांगितलं. मंत्रालयाचे तीन विभाग आहेत. एक सरकारला कायद्याचा सल्ला देतो आणि सरकारचे खटले बघतो. दुसरा नव्या कायद्यांचे मसुदे लिहितो. तिसरा न्याय विभाग. तो मोठ्या कोर्टांतल्या न्यायाधीशांच्या नेमणुकांची कागदपत्रं हलवतो, कोर्टाच्या इमारतींना पैसा देतो, गरिबांना मोबाईलवर वकिलाचा सल्ला मिळवून देतो. आपल्या मुंबईच्या मंत्रालयातही विधी व न्याय विभाग आहे, तो पदं मंजूर करतो. न्यायाधीश व्हायची परीक्षा लोकसेवा आयोग घेतो. माणूस कुठं बसवायचा हे उच्च न्यायालय ठरवतं.

नाना पाठकोऱ्या कागदावर एकेक चौकोन काढत गेले आणि मी सांगेन तसं त्यात लिहीत गेले. कागद भरला. त्यांनी पेन खाली ठेवलं.

‘‘म्हंजी ह्यात कुनीच चुकलेलं न्हाई,’’ ते म्हणाले.

मी म्हटलं, कागदावर बघितलं तर नाही.

‘‘मग चुकलो त्यो मी एकलाच.’’

मला त्यांना समजवायचं होतं की दोन वर्षांची रिकामी खुर्ची तुमच्यामुळे नाही. मी तसं म्हणालेही. त्यांनी चौकोनांचा कागद घडी करून खिशात घातला आणि निघून गेले. त्यानंतर दोन शनिवार ते आले नाहीत. विजयमालाकाकूंनी फोन करून सांगितलं की जेवण तुटलंय, रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असतात. त्याच सुमारास चौकशीचा निकाल लागला होता. ठपका ठेवला, पेन्शनमध्ये थोडी कपात करून प्रकरण संपवलं. ते पत्र त्यांनी उघडूनही पाहिलं नाही, काकूंनी माझ्याकडून वाचून घेतलं.

दोन हजार पंचवीसच्या जूनमध्ये, नेहमीच्या बदल्यांमध्ये, आमच्याकडे नव्या न्यायाधीशबाई आल्या. त्या आमच्या अर्जामुळे आल्या का, हे मला माहीत नाही, बहुधा नसाव्यात. बाई कामाला चांगल्या होत्या. जुनी प्रकरणं त्यांनी आधी घेतली. पंकजाचा जबाब, अजिनाथचा जबाब, नानांची साक्ष, सगळं तीन महिन्यांत उरकलं. नाना पिंजऱ्यात उभे राहून तेच बोलले जे मी टाइप केलं होतं. अजिनाथच्या वकिलानं विचारलं की तुम्ही तेव्हा खोटं लिहिलं, मग आता खरं बोलता हे कशावरून? नाना म्हणाले, ‘‘ह्याला माझ्याकडं पुरावा न्हाई.’’

मग न्यायाधीशबाईंनी निकिताला आपल्या दालनात एकटीला बोलावलं. ती दहा वर्षांची झाली होती. अर्धा तास बोलल्या. निकितानं सांगितलं की तिला तिकडेच राहायचं आहे. तिकडे शाळा आहे, मैत्रिणी आहेत, धाकटा भाऊ आहे, आणि ती आई आहे. ह्या आईकडे सुट्टीत जाईन म्हणाली.

सप्टेंबरात निकाल झाला. मुलगी वडिलांकडे राहील. आईकडे दिवाळीत आठ दिवस आणि उन्हाळ्यात महिनाभर. निकालपत्रात एक परिच्छेद नानांच्या नोटिशीवर होता. सुरुवातीची बजावणी दोषपूर्ण होती हे दुर्दैवी आहे, मात्र आज मुलीचं हित काय हेच या कोर्टाला पाहावं लागतं, असं त्यात म्हटलं होतं.

पंकजा व्हरांड्यात आली तेव्हा नाना खांबाला टेकून उभे होते. साडेतीन वर्षांत दोघं पहिल्यांदा समोरासमोर आले. मला वाटलं ती त्यांना काही बोलेल. बोलायला हवंही होतं. ती म्हणाली, ‘‘अपील कुठं करायचं असतं, नाना?’’

नानांनी सांगितलं, नगरला. किती दिवसांच्या आत, कोणत्या नकला लागतील, हेही सांगितलं. ती नीट ऐकत होती. मग बायडाबाईचा हात धरून एसटी स्टँडकडे गेली.

अपील दाखल झालं. ते मीच टाइप केलं. या वर्षी पंकजा कोयत्याला गेली नाही. तिनं नगरच्या एमआयडीसीत पॅकिंगचं काम धरलं आणि एका खोलीत राहायला गेली. बायडाबाई धामणवाडीला एकटी असते.

दिवाळीत निकिता तिच्याकडे आली. पंकजानं खोलीला रंग दिला होता, नवी गादी आणली होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, दिवे लावून झाल्यावर, मुलगी म्हणाली की मला घरी जायचं आहे. हट्ट केला नाही, दाराशी चपला घालून बसली. आठ दिवसांचा हुकूम कोर्टाचा होता, कागद ट्रंकेत होता. पंकजानं तो काढला नाही. तिनं स्वतः अजिनाथला फोन लावला आणि मुलीला घेऊन जा म्हणून सांगितलं. तो तासाभरात आला.

हे पंकजानं मला फोनवर सांगितलं आणि मी दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी जाऊन त्यांना. ते ओट्यावर खाटेवर बसले होते, अंगावर घोंगडी. काकूंनी चहा आणून ठेवला, त्यावर साय धरली.

मग नानांनी विचारलं, ‘‘जाताना जेवली हुती का पोरगी?’’

मी म्हटलं, हो, जेवली होती.

‘‘बरं झालं,’’ ते म्हणाले आणि भिंतीकडे कूस वळवून झोपले.